मातोश्री अहिल्याबाई : देवळांमागची आई आणि आजी

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



श्रावण वद्य चतुर्दशी ही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर एकच चित्र फिरत असतं : पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात शिवलिंग. खाली त्यांनी बांधलेल्या देवळांची आणि घाटांची लांबलचक यादी. यादी खरीच आहे, पण ती वाचून असं वाटतं की या बाई जन्मभर फक्त देवळंच बांधत होत्या. त्यांचं घर कसं होतं, मुलं कोण, नातवंडं कोण, हे फार जणांना ठाऊक नसतं. लोक त्यांना मातोश्री म्हणत. सत्तर वर्षांचं आयुष्य लाभलेल्या या आईची घरातली कहाणी आज सांगायची आहे. ती थोडी लांब आहे. एका दमात नाही झाली तर दोन बैठकीत वाचा, आणि घरात आजी असेल तर तिला मोठ्याने वाचून दाखवा.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावचा. चौंडी म्हणजे नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातलं छोटंसं गाव, आपल्या बीडच्या अगदी शेजारचं. (त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर असंच नाव मिळालं आहे.) वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर धनगर समाजाचं, खाऊनपिऊन सुखी, पण राजघराणं वगैरे काही नाही. मल्हारराव होळकर पुण्याच्या वाटेवर चौंडीला थांबले आणि देवळात ही चुणचुणीत मुलगी त्यांच्या नजरेत भरली, असं सांगतात. १७३३ मध्ये मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याच्याशी तिचं लग्न झालं. वय आठ.

आठ वर्षांची सून घरात आली म्हणजे ती सासरीच वाढते. अहिल्याबाईंना घडवलं ते सासू-सासऱ्यांनी. मल्हारराव स्वतः मेंढ्या राखणाऱ्या घरातून वर आलेले, वडील लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी वाढलेले. त्याच मामांची मुलगी गौतमाबाई त्यांची पत्नी. या गौतमाबाई फार खंबीर होत्या. होळकरांच्या घरात स्त्रियांची म्हणून वेगळी मिळकत होती, तिला खासगी म्हणत. तिचा हिशोब, तिची गावं, तिचा वसूल हे सगळं गौतमाबाई पाहायच्या, आणि ते त्यांनी सुनेला शिकवलं. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, ही शिस्त अहिल्याबाईंच्या अंगात तिथून भिनली. पुढे त्यांनी देशभर जो दानधर्म केला त्याचा मोठा भाग या खासगीतून झाला. आपल्यापैकी ज्या बायका घरखर्चाची वही घालतात त्यांना या गोष्टीचं मोल लगेच कळेल!

सासऱ्यांनी तर त्याहून पुढची गोष्ट केली. त्यांनी सुनेला कारभार शिकवला. ते स्वतः मोहिमांवर असायचे, पण पत्रांतून सुनेला कामं सांगायचे. १७६५ सालचं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याची आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याची कामं त्यांनी अहिल्याबाईंवर सोपवली आहेत. अडीचशे वर्षांपूर्वी सासरा सुनेला तोफांबद्दल लिहितो आहे! माझ्या मते अहिल्याबाईंच्या मोठेपणाचा निम्मा वाटा या सासू-सासऱ्यांचा आहे, आणि तो आपण फार कमी बोलतो.

१७४५ मध्ये मुलगा झाला, मालेराव. १७४८ मध्ये मुलगी झाली, मुक्ताबाई. घर भरलं.

आणि मग सुरू झालं ते. मार्च १७५४. मराठ्यांच्या फौजेने राजस्थानातल्या भरतपूरजवळ कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. तिथे किल्ल्यावरून आलेला तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. मालेराव आठ-नऊ वर्षांचा, मुक्ता जेमतेम पाच-सहा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी सती जाण्याची तयारी केली. मल्हारराव आडवे आले. म्हाताऱ्याने सुनेपुढे अक्षरशः पदर पसरला, की मुलगा तर गेला, आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर या दोन लेकरांकडे आणि माझ्याकडे कोण बघणार. अहिल्याबाई थांबल्या.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सदतीस वर्षांनी हाच प्रसंग उलटा होऊन त्यांच्यासमोर उभा राहणार आहे.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. त्याच वर्षी गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव गेले. बाप गेल्यासारखंच झालं. सरदारकीची वस्त्रं मालेरावाला मिळाली.

मालेरावाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्याच्याविषयी दरवर्षी एक मेसेज आपल्या ग्रुपवर येतो. मालेरावाच्या रथाखाली गाईचं वासरू मेलं. गाय रस्त्यातून हलेना. अहिल्याबाईंनी चौकशी केली आणि न्याय म्हणून स्वतःच्या मुलाला हातपाय बांधून रस्त्यावर टाकलं, त्याच्यावर रथ घालायला त्या स्वतः निघाल्या, पण गाय पुन्हा पुन्हा आडवी आली आणि मुलगा वाचला. इंदूरच्या आडा बाजाराचं नाव यावरूनच पडलं असंही त्यात असतं. गोष्ट ऐकायला सुंदर आहे आणि कीर्तनात रंगतेही. पण हीच गोष्ट तमिळ देशात मनुनीती चोळ राजाची म्हणून शेकडो वर्षं सांगितली जाते. तिथे राजपुत्राचा रथ, तिथे वासरू, तिथे न्यायाची घंटा वाजवणारी गाय. दक्षिणेतली ती कथा फिरत फिरत माळव्यात येऊन अहिल्याबाईंच्या नावावर बसली असावी असं मला वाटतं. न्यायी राज्यकर्त्याची आठवण ठेवण्याची लोकांची ही एक तऱ्हा असते. तिला इतिहास म्हणून पुढे पाठवू नये, एवढंच.

खरी हकीकत यापेक्षा जास्त दुखरी आहे. जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ च्या सुमारास माळव्यात आला. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती आणि त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. माल्कमने त्यांच्याकडून विचारून विचारून माहिती जमवली आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ छापला. त्याने लिहिलेलं असं, की मालेरावाचं मन स्थिर नव्हतं. ब्राह्मणांना दान द्यायच्या भांड्यांत तो नाण्यांबरोबर विंचू ठेवायचा, जोड्यांत आणि कपड्यांत विंचू सोडायचा, आणि ते डसले की हसायचा. आई ज्यांना हात जोडून दान देत होती त्यांचीच मुलाने केलेली ही थट्टा. अहिल्याबाई रडायच्या, असं माल्कमला लोकांनी सांगितलं. मग संशयावरून त्याने एका जरीकाम करणाऱ्या कारागिराला मारलं. तो माणूस निरपराध होता असं नंतर कळलं, आणि मालेराव पार बिघडला. त्या कारागिराचं भूत आपल्या अंगात आहे असं त्याला आणि सगळ्यांनाच वाटू लागलं. आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून राहिली. त्या मृतात्म्याला विनवत राहिली, की तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना इनाम देते, माझ्या मुलाला सोड. मालेराव १७६७ मध्ये गेला. वय बावीस. त्याला मूल नव्हतं.

त्या वेळी काही लोकांनी कुजबूज केली, की आईनेच त्याला संपवलं. माल्कमने याची मुद्दाम चौकशी केली आणि ती गोष्ट खोटी असल्याचं लिहून ठेवलं. गंमत बघा, तेव्हाची कुजबूज काय आणि आजचा रथाचा मेसेज काय, दोन्हींत आईच मुलाच्या जिवावर उठलेली आहे. खरी आई त्याच्या खाटेपाशी बसून होती.

यानंतरचा भाग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून चार ओळींत आटोपते. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला की एखादा लहान मुलगा दत्तक घ्या आणि कारभार आमच्यावर सोडा. अहिल्याबाईंनी नकार दिला. दिवाणांनी राघोबादादांना बोलावलं, ते फौज घेऊन उज्जैनजवळ क्षिप्रेपर्यंत आले. अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं पाठवली, स्वतः लढायला उभ्या राहिल्या आणि राघोबादादांना निरोप दिला की बाईकडून हरलात तर जगात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. राघोबादादांनी मालेरावाच्या मृत्यूचा समाचार घ्यायला आलो असं म्हणून वेळ निभावली. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला. फौजेचं काम त्यांनी तुकोजी होळकरांवर सोपवलं, कारभार स्वतःकडे ठेवला, आणि नर्मदेकाठी महेश्वरला राहायला गेल्या. तिथून त्यांनी अठ्ठावीस वर्षं राज्य चालवलं.

आता मुक्ताबाई. तिच्या लग्नाची अशी आख्यायिका आहे, की राज्यात चोर-दरोडेखोरांचा फार उपद्रव होता तेव्हा अहिल्याबाईंनी दरबारात जाहीर केलं : जो हा उपद्रव मोडेल त्याला मी माझी मुलगी देईन. यशवंतराव फणसे नावाच्या तरुणाने ते काम केलं आणि मुक्ताबाईचं लग्न त्याच्याशी झालं. आख्यायिकेत तिखटमीठ असेल, पण जावई यशवंतराव फणसे होते हे खरं. मोठं घराणं बघून मुलगी दिली नाही, कर्तबगार मुलगा बघून दिली. या दोघांना एक मुलगा झाला. त्याचं नाव नथ्याबा. अहिल्याबाईंचा हा एकुलता एक नातू, मुलीचा मुलगा, महेश्वरला आजीच्या नजरेसमोरच वाढलेला. मालेरावानंतर सगळा जीव या नातवावर.

या वर्षांतला त्यांचा दिवस कसा असायचा तेही माल्कमने लोकांना विचारून लिहून ठेवलं आहे. आपल्यासारख्या नित्यनेम करणाऱ्यांना तो वाचायला आवडेल. पहाटे, उजाडायच्या घटकाभर आधी उठायच्या. पूजा, प्रार्थना. मग पुराणश्रवण, ठरलेल्या वेळेपर्यंत. मग दानधर्म आणि ब्राह्मणांना स्वतःच्या हाताने अन्न वाढणं. त्यानंतर स्वतःचं जेवण. त्यांच्या समाजात मांसाहार चालत असे, पण त्यांनी तो सोडला होता. जेवणानंतर पुन्हा थोडी प्रार्थना, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. मग दोन-तीन तास पुन्हा देवाचं, थोडा फराळ. रात्री नऊला परत कामाला बसायच्या, अकराला उठायच्या. उपास आणि सणवार सोडले तर यात फरक नाही. अंगावर पांढरं वस्त्र, दागिना म्हणाल तर गळ्यात एखादी लहानशी माळ.

आपण कधी म्हणतो ना, की घरकामात साधनेला वेळ होत नाही? मी म्हणते ना! आणि इथे राज्याचा गाडा हाकून देवाच्या वेळा चुकत नाहीत, की देवाच्या नावावर दरबारच्या वेळा चुकत नाहीत. मला दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. रात्री नऊ ते अकरा ही वेळ जपाला छान असते, पण त्या वेळेत त्या लोकांच्या तक्रारींचे कागद बघत होत्या.

मुलाबाळांवाचूनच्या बायकांसाठी त्यांनी जे केलं ते तर आवर्जून सांगण्यासारखं आहे. त्या काळी सावकार निपुत्रिक मेला की त्याच्या विधवेच्या संपत्तीवर दरबारचे डोळे असायचे. दत्तकाची परवानगी हवी तर नजराणा द्या, नाहीतर मालमत्ता जप्त. सिरोंजच्या एका सावकाराच्या विधवेकडे अंमलदाराने असाच मोठा पैसा मागितला. ती बाई ज्या मुलाला दत्तक घ्यायचं होतं त्याला घेऊन थेट महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला कामावरून काढलं, दत्तक मंजूर केलं, त्या मुलाला मांडीवर बसवलं, कपडे-दागिने दिले आणि बाईला परत पाठवलं. पैसा एक दमडी घेतला नाही. खरगोणच्या दोन सावकार भावांच्या विधवांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना कुणी वारस नव्हता, म्हणून त्यांनी सगळं धन अहिल्याबाईंनाच देऊ केलं. अहिल्याबाई म्हणाल्या, मला नको, तुमचा पैसा तुमच्याच हाताने लोकांच्या उपयोगाला लावा. त्या पैशातून खरगोणला कुंदा नदीवर घाट आणि देऊळ उभं राहिलं.

स्वतःचा मुलगा गेलेली बाई परक्या बाईच्या दत्तक मुलाला मांडीवर घेते. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. मी मात्र ती वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले.

उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया, थंडीत म्हाताऱ्यांना आणि गरिबांना गरम कपडे हे तर होतंच. पण महेश्वरच्या आसपास त्यांची माणसं उन्हाळ्यात शेताशेतांतून पाणी घेऊन फिरायची आणि औत थांबवून बैलांना पाणी पाजायची. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून त्यांनी उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडली होती. नर्मदेतल्या माशांना खायला घालायचे. माल्कमने हे लिहिताना म्हटलं आहे की काहींना याचं हसू येईल. आपल्याला नाही येणार! डोंगरातल्या भिल्लांना त्यांनी वाटसरूंकडून थोडीशी कवडी घ्यायचा हक्क दिला आणि त्या बदल्यात त्या वाटेवर चोरी झाली तर माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. आणि एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला तो त्यांनी ऐकून घेतला, आपण एवढं काही नाही असं सांगितलं आणि ग्रंथ नर्मदेत सोडायला लावला.

देवळांची यादी मी देत नाही, पण आपल्याशी जोडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. आपल्या मंडळींपैकी बरीच घरं बीड, परभणी, नांदेड, लातूर, औरंगाबाद भागातून हैदराबादला आलेली. १९४८ पर्यंत तो सगळा मुलूख निजामाच्या राज्यातच होता. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंचा. बिदर-उदगीरच्या गाडीने आपण परळीला उतरतो आणि पायऱ्या चढून वैजनाथाला हात लावतो, तेव्हा लक्षात ठेवा की देऊळ त्यांच्या राज्यात नव्हतं. दुसऱ्याच्या राज्यात, आपल्या पैशाने. वेरूळच्या घृष्णेश्वराशी तर सासू आणि सून दोघींची नावं जोडलेली आहेत, गौतमाबाईंचं आणि अहिल्याबाईंचं. दक्षिणेतल्या देवळांना अभिषेकासाठी गंगेचं पाणी त्या दरवर्षी पाठवत. काशीचं आजचं विश्वनाथाचं देऊळ १७८० चं, त्यांनीच उभं केलेलं. गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ चं, तेही त्यांचं. गयेला आपण आपल्या गेलेल्या माणसांचे पिंड देतो. ज्या देवळात सगळा देश पिंड द्यायला जातो ते बांधणारीला पुढे पाणी द्यायला पोटचं कुणी उरलं नाही. तेच आता सांगायचं आहे.

१७९० मध्ये नथ्याबा गेला. तरणाताठा नातू. आजीच्या समोर, महेश्वरलाच. वर्षभराने, १७९१ मध्ये, जावई यशवंतराव गेले. आणि मुक्ताबाईने सती जायचं ठरवलं.

अहिल्याबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. त्यांनी मुलीचे पाय धरले. राज्याची मालकीण, जिच्या शब्दाबाहेर माळव्यात कुणी जात नव्हतं, ती मुलीपुढे जमिनीवर पडून विनवत होती, की मला या जगात एकटी टाकून जाऊ नकोस. मुक्ताबाईचं मन हललं नाही. तिने शांतपणे आईला सांगितलं, की तू आता म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तूही जाशील. माझा मुलगा गेला, नवरा गेला. तुझ्यानंतर मला जगणं असह्य होईल, आणि तेव्हा मानाने मरायची ही वेळ निघून गेलेली असेल.

स्वतःला मल्हाररावांनी थांबवलं तेव्हा घरात दोन लहान लेकरं होती, त्यांच्यासाठी थांब असं म्हणता आलं. मुक्ताबाईला थांबवायला अहिल्याबाईंपाशी काय होतं? फक्त स्वतःचं म्हातारपण. ते पुरलं नाही.

मी इथे स्पष्ट लिहिते, कारण ग्रुपमध्ये तरुण मुली आहेत. सती ही चाल क्रूर होती. आपल्या संतांच्या नामस्मरणाच्या वाटेत तिला जागा नाही. १८२९ मध्ये ती कायद्याने बंद झाली ते बरंच झालं. मुक्ताबाईची थोरवी गाणारी वर्णनं वाचण्यात येतात, ती मला वाचवत नाहीत. त्या दिवसाचं खरं दुःख नर्मदेकाठी उभ्या असलेल्या आईचं होतं.

त्या पायी चालत गेल्या. चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा इतका वेळ आवरलेला धीर सुटला. त्या किंचाळल्या, धरलेले हात सोडवता येईनात म्हणून स्वतःचेच हात चावू लागल्या. सगळं संपल्यावर नर्मदेत स्नान केलं आणि वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्नाला जवळजवळ शिवल्या नाहीत आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवसानंतर काय झालं याचं वर्णन कुणी भव्य शब्दांत केलेलं नाही. त्या उठल्या आणि मुलीसाठी, जावयासाठी एक सुंदर छत्री बांधायच्या कामाला लागल्या. दरबार पुन्हा सुरू झाला.

मागे सत्संगानंतर चहा घेताना एका ताईंनी हाच प्रश्न काढला होता. एवढं पुण्य, एवढी देवळं, एवढी भक्ती, मग वाट्याला असं का? लगेच कुणी म्हणालं, पूर्वकर्म. असेलही. पण मला विचाराल तर, ज्या आईची सगळी लेकरं गेली तिच्यासमोर उभं राहून पूर्वकर्म हा शब्द उच्चारायला माझी जीभ वळणार नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये, आपल्या नात्यांत अशा आया आहेत. त्यांना हे ऐकवणारे पुष्कळ भेटतात. अहिल्याबाईंनी देवाला असं का विचारलं की नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवलं आहे ते एवढंच की तीन दिवस त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या भक्तीची मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती या तीन दिवसांमुळे. इतक्या मोठ्या शिवभक्त, तरी शोक झाला नाही असं त्यांनी दाखवलं नाही. किंचाळल्या, जेवल्या नाहीत, गप्प झाल्या. आणि पहाटेची पूजाही सोडली नाही.

मुक्ताबाईनंतर त्या चार वर्षं जगल्या. ही वर्षं राजकारणातही फार ताणाची होती. शिंदे आणि होळकर एकमेकांवर उठले, १७९३ मध्ये लाखेरीला लढाई होऊन होळकरांचा पराभव झाला. पण महेश्वरच्या वाड्यातला दिवस त्याच वेळांवर चालला होता. नर्मदेच्या मातीची शिवलिंगं करून ती पूजेनंतर नदीत सोडायची रीत त्यांच्या वाड्यात होती, ती महेश्वरला आजही पाळतात. हुकमांवर त्या स्वतःचं नाव घालत नसत, शंकराचं घालत. नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान. महेश्वरला विणकर आणून बसवले, त्यांच्या हातची महेश्वरी साडी आपण सुलतान बाजारातल्या किंवा दिलसुखनगरच्या दुकानातून घेतो. पुढच्या वेळी काठ बघा. घाटावर आदळणाऱ्या नर्मदेच्या लाटा आणि किल्ल्यावरचं नक्षीकाम विणकरांनी त्या काठांत उतरवलं आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीला, महेश्वरला अहिल्याबाईंनी देह ठेवला. वय सत्तर. घरातलं रक्ताचं कुणी जवळ नव्हतं. राज्य तुकोजींकडे गेलं.

माल्कम माळव्यात पोचला तोवर मधल्या धामधुमीत तो सगळा मुलूख पेंढाऱ्यांनी आणि लढायांनी पार उजाड झाला होता. त्याला वाटलं, होळकरांची माणसं आपल्या राणीबद्दल फुगवून सांगत असतील. म्हणून त्याने वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या जातींच्या, त्यांचे विरोधक असलेल्या दरबारांतल्या लोकांनाही विचारलं. जितकं विचारत गेला तितकी एकच गोष्ट ऐकू आली. त्या गेल्यानंतर जन्मलेली मुलं तेव्हा वीस-बावीस वर्षांची झाली होती आणि त्यांना पाहिलेलं नसतानाही मातोश्री म्हणत होती.

जय गुरुदेव.

(श्रावण वद्य चतुर्दशीला आपल्या बैठकीत नेहमीच्या पोथीवाचनानंतर हा लेख वाचला जाईल. गॅलरीत पाखरांसाठी पाणी आपण ठेवतोच, त्या दिवशी मुलांच्या हातून ठेवा आणि त्यांना अहिल्याबाईंनी पाखरांसाठी विकत घेतलेल्या शेतांची गोष्ट सांगा.)